शंकरपाळी कविता : सहावीच्या वर्गातल्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

सकाळची शाळा. प्रार्थना झाल्यावर हेडसरांनी ऑफिसात बोलावलं आणि म्हणाले २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आहे, गेल्या ३ ऑक्टोबरला अभिजात दर्जा मिळाल्यानंतरचा हा पहिलाच, तेव्हा यंदा जरा दणक्यात करा. दणक्यात म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही. दरवर्षी आपलं ठरलेलं असतं, फळ्यावर रंगीत खडूनं कुसुमाग्रजांचं चित्र, दोन भाषणं (एकाच पुस्तकातनं दोघांनी पाठ केलेली), शुद्धलेखन स्पर्धा आणि मग बिस्किटाचा पुडा. मी म्हटलं यंदा भित्तिपत्रक करू, पण निबंधाचं नाही, कवितांचं, आणि कविताही पोरांनीच केलेल्या.

डोक्यात एक प्रकार कधीपासून होता. डायमान्टे. इटालियनमध्ये डायमान्टे म्हणजे हिरा, आणि कविता कागदावर हिऱ्यासारखीच दिसते, वर टोक, मध्ये रुंद, खाली टोक. आयरिस टीड्ट नावाच्या अमेरिकन बाईंनी १९६९ साली हा प्रकार काढला, शाळेतल्या पोरांना लिहितं करायला. म्हणजे काही जुना पुराणा छंद वगैरे नाही, आपल्यासारख्या वर्गासाठीच केलेली गोष्ट आहे. सात ओळी. पहिल्या ओळीत एक नाम. दुसऱ्या ओळीत त्याची दोन विशेषणं. तिसऱ्यात तीन क्रिया. चौथ्यात चार नामं, त्यातली पहिली दोन वरच्या शब्दाची आणि पुढची दोन खालच्याची. मग पाचवीत खालच्या शब्दाच्या तीन क्रिया, सहावीत दोन विशेषणं, आणि सातवीत तो खालचा शब्द, जो पहिल्याच्या बरोबर विरुद्ध. एकूण सोळा शब्द. यमक नको, वृत्त नको.

वर्गात फळ्यावर नुसता आकार काढून दाखवला आणि विचारलं हे काय? मला वाटलं हिरा म्हणतील, पतंग म्हणतील. मागनं आवाज आला, शंकरपाळी! बस्स. नाव ठरलं. डायमान्टे हा शब्द मी वर्गात पुन्हा काढलाच नाही.

७ जानेवारी

पोरांना सांगण्याआधी आपल्याला येतंय का बघावं म्हणून रात्री स्वतः बसलो. ऊन × सावली घेतलं. पाचच मिनिटांत झाली आणि वाचली तर इतकी वाईट की वही मिटून टाकली. तिसरी ओळ अशी होती:

तापणारं, भाजणारं, पोळणारं

इंग्रजीत तिथं शेवटी तोच एक प्रत्यय लावलेली क्रियापदं घ्यायची असतात, मी म्हटलं आपल्याकडं त्याला -णारा, तर झालं ते एखाद्या मलमाच्या जाहिरातीसारखं, खाज घालवणारं, त्वचा उजळवणारं. मग -त लावून बघितलं, तापत, भाजत, पोळत, तर वाक्य अर्धवट राहिल्यासारखं वाटतं, पोळत काय, पुढं? शेवटी साधं वर्तमानकाळी क्रियापद ठेवलं. तापतं, भाजतं, पोळतं. आणि एकदम काहीतरी झालं. कारण खाली सावलीच्या ओळीत आपोआप निववते, सरकते आलं. वरती -तं, खालती -ते. ऊन ते, सावली ती. पिवळं-कोरडं वरती, सावळी खालती. म्हणजे कविता मधल्या ओळीत वळते ते नुसतं अर्थानं नाही तर कानाला पण ऐकू येतं, लिंगच बदलतं ना. हे इंग्रजीत होणं शक्य नाही, तिथं विशेषणाला लिंग नाही आणि क्रियापदालाही नाही. रात्री साडेअकराला बायकोला उठवून हे सांगितलं. ती म्हणाली बरं आणि झोपली.

११ जानेवारी, शनिवार

वर्गात पहिला प्रयोग. पटावर ३१, हजर २४. बाकीची सात ऊसतोडीला आईबापासोबत गेलेली, दिवाळीनंतर जातात ते मार्च-एप्रिलशिवाय काही दिसत नाहीत. त्यांची नावं मी रोज हजेरीत घेतोच, उगाच.

चूक माझीच, जोडी मी दिली. दिवस × रात्र. वीस मिनिटांनी वह्या गोळा केल्या तर चोवीस वह्यांत एकच कविता. सूर्य, ऊन, चंद्र, तारे. सूर्य, प्रकाश, चंद्र, चांदण्या. एकानं फक्त सूर्य, शाळा, चंद्र, भूत लिहिलेलं, त्याला मी मनातल्या मनात पहिला नंबर देऊन टाकला. पण पोरांचा तरी काय दोष, गाईडमध्ये विरुद्धार्थी शब्दांची जी यादी असते ती पाठ करायचीच असते, दिवस फुली रात्र, सुख फुली दुःख, उंच फुली ठेंगू, मध्ये ती फुली मारली की दोन्ही बाजूचे शब्द जणू मरूनच जातात. त्यांच्यात बघण्यासारखं काही उरत नाही, दोन मार्क फक्त.

१४ जानेवारी

संक्रांत. तीळ आणि गूळ हे विरुद्धार्थी धरता येतील का असं घरात विचारलं. वाटीतला लाडू काढून घेतला गेला.

१८ जानेवारी, शनिवार

आज जोडी पोरांनी आणायची असं सांगितलं होतं. घरातनं, रानातनं, दुकानातनं, कुठूनही, अट एकच, गाईडमधली नको. तरी निम्म्यांनी गाईडमधलीच आणली पण त्यातनं एक फायदा झाला. एका पोरीनं शिस्त × बेशिस्त घेतलं होतं आणि ती खालच्या अर्ध्यात अडकून बसली. वरती शांत, सरळ, रांगेत बसते वगैरे झालं, खाली काय लिहू सर? मी पण खूप विचार केला. मग लक्षात आलं की बेशिस्त हा शब्दच स्वतःचा नाही, शिस्तीला बे लावलाय. अ, अन, बे, गैर, ना लावून केलेले शब्द घेतले की खालच्या बाजूला सामानच नसतं. न्याय-अन्याय, हजर-गैरहजर, आवड-नावड, सगळ्यांचं तेच. फळ्यावर नियम लिहिला: दोन्ही शब्दांचं आपापलं घर पाहिजे, घरात भांडी पाहिजेत. पोरांना हे पटकन कळलं, माझ्यापेक्षा पटकन.

बाकी आलेल्या जोड्या अशाच लिहून ठेवतो, नंतर लागतील. टँकर × विहीर. शिळी भाकर × ताजी भाकर. रेंज × नो रेंज (बाद, बेशिस्तवाला नियम). म्हैस × शेळी, यावर वर्गात भांडण झालं, म्हैस शेळीच्या विरुद्ध कशी, तर म्हणे सर म्हैस दूध देती पण विकाया येत नाही नडीला, शेळी लगेच विकती. विरुद्धच की. पेन × पेन्सिल. आधीचे मास्तर × तुम्ही. ही शेवटची मी तपशिलात विचारली नाही.

२१ जानेवारी

आता आकाराचं बघू. माझं ऊन-सावली असं होतं:

ऊन
पिवळं, कोरडं
तापतं, भाजतं, पोळतं
रस्ता, पत्रा, पार, पिंपळ
विसावते, निववते, सरकते
सावळी, थंडगार
सावली

सावळी आणि सावली एकाखाली एक आल्यावर मी बराच वेळ खूश होतो, एका ळ चा फरक. पण कागदावर मधोमध लिहून बघितलं तर शंकरपाळी कुठंय, हा तर मडक्यासारखा आकार झाला, खालच्या बाजूला पोट सुटलेलं. अक्षरं मोजली. तिसरी ओळ नऊ अक्षरं. चौथी पण नऊ. पाचवी बारा! म्हणजे चार शब्द असून मधली ओळ बारीक आणि तीन शब्दांची पाचवी जाड. आपली साधी नामं आखूड असतात, घर, दार, पार, पाट, दोन अक्षरात संपतात, आणि क्रियापदं प्रत्यय लागून लांबतात. शब्द मोजून आकार येईल हे अमेरिकेत ठीक असेल, इथं अक्षरं मोजायला लागणार.

तर मग मोजायचीच. जोडाक्षर एकच धरायचं, काना मात्रा वेलांटी वेगळी मोजायची नाही. मात्रा मोजायचा मोह होत होता, वृत्तात मोजतात तशा लघू एक गुरू दोन, पण हे डोळ्यासाठी आहे, कानासाठी नाही, कागदावर मि आणि मी सारखीच जागा खातात. (खरं तर अक्षरं पण सारखी जागा खात नाहीत, र र र आणि क्ष क्ष क्ष लिहून बघा, पण तितकं ताणायचं नाही.) मधली ओळ सगळ्यात जास्त अक्षरांची झालीच पाहिजे, वर आणि खाली कमी कमी होत गेली पाहिजेत, एवढाच कायदा. त्यात बसवून:

ऊन
पिवळं, कोरडं
तापतं, भाजतं, पोळतं
डांबर, पत्रे, पारंब्या, पिंपळपार
निववते, हलते, सरते
सावळी, थंडगार
सावली

दोन, सहा, नऊ, तेरा, दहा, सात, तीन. झाली शंकरपाळी. आणि गंमत म्हणजे आकारासाठी रस्ता काढून डांबर घालावं लागलं तर ओळ सुधारली, रस्ता नुसता असतो, डांबर चपलेला चिकटतं.

असल्या अटी घालून घेण्याची हौस आपल्याकडं नवी नाही. मोरोपंतांनी (१७२९ ते १७९४, बारामतीचे) रामायणं शंभरावर लिहिली, त्यात एक निरोष्ठ रामायण, ओठ टेकवायचेच नाहीत, म्हणजे प फ ब भ म सगळे बाद. राम न म्हणता रामायण! आणि संस्कृतात तर चित्रकाव्यच आहे, भारवीच्या किरातार्जुनीयात पंधरावा सर्ग बघा, श्लोक सरळ वाचा, उलटा वाचा, चौकटीत भरून वरून खाली वाचा, तेच. शाळेत आम्हाला हे सगळं पोकळ कसरत म्हणून शिकवलं होतं. मला तसं वाटत नाही, पण आकार रिकामा असला तर कंटाळा येतो हे खरंय. जॉर्ज हर्बर्ट या इंग्रज कवीची १६३३ साली छापलेली एक कविता पंखांच्या आकाराची आहे, माणूस सगळं गमावत जातो तशी ओळ आखूड होत जाते, आणि अगदी दरिद्री झाला म्हणतो ती ओळ दोनच शब्दांची, मग पुन्हा रुंद. तिथं आकार काम करतो, नुसता शोभेचा नाही. शंकरपाळीत कामाची जागा कुठली? मधली. दोन शब्द जिथं एका ओळीत शेजारी बसतात ती. दिवस-रात्रमध्ये सूर्य आणि चंद्र शेजारी बसतात पण एकमेकांशी बोलत नाहीत. डांबर-पत्रे-पारंब्या-पिंपळपार, इथं माणूस रस्त्यानं चालत चालत पारापर्यंत येतो. मधली ओळ नुसती यादी नको, चालत जायची वाट पाहिजे. हे उद्या पोरांना कसं सांगायचं ते माहीत नाही.

२२ जानेवारी

सांगितलं. म्हटलं पहिल्या शब्दाच्या घरातनं निघायचं आणि चार पावलात दुसऱ्याच्या घरात जायचं, उडी मारायची नाही. दुकानदाराचा पोरगा लगेच म्हणाला माझी जोडी बदलतो. रोख × उधार. त्यांच्या गल्ल्यामागं पाटी आहेच, आज रोख उद्या उधार. त्याची मधली ओळ:

गल्ला, सुट्टे, वही, वायदा

वर वर खाली खाली काही जमलं नाही त्याचं, पण ही ओळ जमली. सुट्टे नाहीत म्हणूनच पहिली उधारी सुरू होते, असं त्यानंच समजावून सांगितलं, दहा रुपये सुट्टे नाहीत काका, राहू द्या उद्या देतो, आणि तिथनं वही. अकरा वर्षाचं पोरगं.

२५ जानेवारी, शनिवार

उद्याच्या झेंड्याची तयारी, कवायत, त्यामुळं अर्धाच तास मिळाला. तरी आज तीन मुलांनी मिळून केलेली ही. दुष्काळ × सुगी.

दुष्काळ
कोरडा, लांब
येतो, बसतो, हलत नाही
चाराछावणी, टँकर, खळं, कणगी
येते, हसते, थांबत नाही
पिवळी, थोडी
सुगी

नियमानं तीन क्रिया तीन शब्दांत पाहिजेत, इथं नाही धरून चार झाले. मी खोडायला पेन उचललं आणि ठेवून दिलं. अक्षरं मोजा, पाच दहा तेरा दहा पाच, मी ठरवून करायला गेलो असतो तर सात जन्मात झालं नसतं. आणि हलत नाही – थांबत नाही. दोन्ही नकारच, पण एक पाहुणा जात नाही म्हणून रडायचं आणि दुसरा राहत नाही म्हणून. कणगी हा शब्द कुठनं काढला विचारलं तर म्हणाला आजीकडनं, घरात आता कणगी नाही, पत्र्याची कोठी आहे, पण कोठी लिहिली तर एक अक्षर कमी पडत होतं. मला आधी वाटलं होतं की मोजण्यानं पोरं घाबरतील. उलट झालं. मोजायला मिळालं की कवितेची भीती जाते, गणितासारखं काहीतरी हातात येतं, आणि एक अक्षर कमी पडलं की आजीकडं जावं लागतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

पाचवीच्या बाई आमचा उद्योग बघत होत्या, त्यांनी मधल्या सुट्टीत एक चिठ्ठी दिली. सासर × माहेर. मी त्यांना म्हटलं बाई दोन्ही नपुंसकलिंगी आहेत, ते सासर, ते माहेर, वळण ऐकू येणार नाही. त्या म्हणाल्या वाचा तरी. त्यांची सगळी कविता इथं देत नाही, त्यांना आवडणार नाही, फक्त मधली ओळ विचारून घेतलीय:

चूल, उंबरा, उंबरा, अंगण

एकच शब्द दोनदा. एक उंबरा तिकडचा, एक इकडचा. माझा वळणाचा सिद्धांत तिथंच संपला, निदान अर्धा. संध्याकाळी घरी जाताना गाडीवर तीच ओळ डोक्यात.

५ फेब्रुवारी

सिन्केन करून बघितलं, अडलेड क्रॅप्सी या अमेरिकन कवयित्रीनं काढलेला पाच ओळींचा प्रकार, दोन चार सहा आठ दोन अशी अक्षरं. एकूण बावीस. छान आहे पण त्यात दोन शब्दांची झुंज नाही, एकाच गोष्टीवर फुगत जायचं आणि शेवटी टाचणी. सहावीला नको. सोडून दिलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज जरा सावकाश लिहितो.

वर्गात एक मुलगी आहे, फारसं बोलत नाही. मागच्या वर्षी आईबापाबरोबर कारखान्यावर गेली होती, यंदा आजीजवळ राहिलीय. हंगामी वसतिगृहात जेवायला जाते आणि झोपायला आजीकडं. तिची वही गेले तीन शनिवार कोरी होती आणि मी काही म्हटलं नव्हतं. आज तिनं स्वतःहून आणून दिली. घर × कोपी.

(कोपी म्हणजे ऊसतोड कामगारांची फडावरची किंवा कारखान्याच्या तळावरची झोपडी, बांबू, पाचट, ताडपत्री. आपल्या भागात सांगायला लागत नाही.)

घर
दगडी, बंद
थांबतं, झुरतं, बघतं
कुलूप, आजी, कोयता, पाचट
उठते, हलते, गळते
वाकडी, उघडी
कोपी

मी मास्तर माणूस, पहिली शंका तीच काढली. आजी घरात आहे तर कुलूप कशाला? तर म्हणाली आतल्या खोलीला असतं कुलूप, आईनं लावलेलं, किल्ली आईजवळच. आजी ओसरीवर झोपती. मी पण. मग म्हटलं कोपी उठते म्हणजे काय, सकाळी उठते का? हसली पहिल्यांदा. फड संपला की कोपी उठती ना सर, दुसऱ्या गावाला. आणि घर थांबतं. बरोबर आहे, थांबतं आणि उठते समोरासमोर, बंद आणि उघडी समोरासमोर, दगडी आणि वाकडी तर यमक. हे तिनं ठरवून केलं का आपोआप झालं ते विचारलं नाही. गळते विचारलं. मागच्या वर्षी अवकाळी आला होता तेव्हा रातभर गळली म्हणे, भांडी लावून बसलो होतो.

मधल्या ओळीत आजी नंतर लगेच कोयता येतो. घरातनं निघून चार पावलात कोपीत जायचं हे मीच सांगितलं होतं. कोयता हा शब्द तिकडं नुसता हत्याराला वापरत नाहीत, नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, मुकादम (मजुरांची टोळी नेणारा) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर. म्हणजे त्या ओळीत आजीच्या शेजारी तिचे आईबाप उभे आहेत.

अक्षरं मोजली नाहीत मी. नंतर घरी मोजली. दोन, पाच, नऊ, अकरा, नऊ, सहा, दोन.

१५ फेब्रुवारी, शनिवार

लिहायची कशी हा प्रश्न. मोबाईलवर टाईप करून स्पेस देत देत आकार आणला, हेडसरांच्या फोनवर पाठवला तर तिथं शंकरपाळीची फरसाण झाली, फॉन्ट वेगळा, स्पेस कमीजास्त, सगळं सरकलं. कॉम्प्युटरवर मधोमध करणारं बटण आहे, त्यानं होतं, पण प्रिंटरची शाई संपलीय आणि ती कधी येणार ते आमच्या हातात नाही. हातानंच.

शोध लागला तो असा. कार्डशीट उभी मधोमध दुमडायची, घडीची रेघ हीच मधली रेघ. ओळीतली अक्षरं मोजायची, अर्धी करायची, आणि मधलं अक्षर घडीवर ठेवून तिथनं डावी-उजवीकडं लिहीत सुटायचं. म्हणजे डावीकडचा भाग उलट्या क्रमानं लिहायचा! निववते लिहायचं तर ते आधी, मग व, मग व, मग नि. पोरांना यात एवढी मजा आली की कविता राहिली बाजूला. शिरोरेघ मात्र शेवटी, पट्टीनं, शब्द पूर्ण झाल्यावर. शिरोरेघा मारल्यावर लांबनं अक्षरं दिसत नाहीत, नुसत्या आडव्या पट्ट्या दिसतात, छोटी, मोठी, आणखी मोठी, मोठी, छोटी, आणि खरंच शंकरपाळी दिसते. रोमनमध्ये ही दांडी नाही. हे मी नियोजनात लिहायला पाहिजे होतं पण मला तरी कुठं माहीत होतं.

एकानं घडीवरनं चुकून दुसऱ्याच शब्दाचं अक्षर लिहिलं, कार्डशीट वाया, आठ रुपये. वर्गणीतनं.

२० फेब्रुवारी

काल शिवजयंती, आज केंद्रप्रमुख अचानक. भिंतीवर आधीच चार शंकरपाळ्या लावलेल्या होत्या. विचारलं हे कुठल्या अध्ययन निष्पत्तीत बसतं. मी म्हटलं विरुद्धार्थी शब्द. म्हणाले मग फुली का नाही मध्ये? हेडसरांनी चहा मागवला. जाताना मात्र दुष्काळवालीसमोर थांबले, बोटानं अक्षरं मोजली, मला दिसलं.

२५ फेब्रुवारी

उद्या महाशिवरात्रीची सुट्टी म्हणून आजच सगळं लावून टाकलं. एकूण एकोणीस. पाच जणांच्या झाल्याच नाहीत, त्यांना सजावट दिली. म्हैस × शेळी पण भिंतीवर आहे, भांडण अजून चालू आहे. रोख × उधार त्याच्या वडिलांनी दुकानासाठी मागितलीय, पोरगा म्हणाला रोखीनं देणार.

गेलेल्या सात जणांच्या जागी काय करायचं यावर वर्गात चर्चा झाली. कोणीतरी म्हणालं सात कोऱ्या शंकरपाळ्या लावू, आल्यावर लिहितील. लावल्या. कोऱ्या म्हणजे नुसत्या शिरोरेघा मारलेल्या, खाली अक्षरं नाहीत.

२७ फेब्रुवारी

झालं व्यवस्थित. दोन भाषणं पण झाली, ती टळत नाहीत. पोरांनी दोघादोघांत वाचल्या, एकानं वरची तीन, दुसऱ्यानं खालची तीन, मधली ओळ दोघांनी, दोन शब्द दोन शब्द. उंबरा, उंबरा तेवढं दोन पोरींनी एकदम म्हटलं आणि पाचवीच्या बाई खिडकीतनं बाहेर बघत होत्या. बिस्किटाचे पुडे होतेच.

कोपीवाली कविता तिनं वाचली नाही, मैत्रिणीला वाचायला दिली. पण भिंतीवरच्या तिच्या कार्डशीटचा फोटो मी काढावा असं म्हणाली, वडिलांना पाठवायला. आजीजवळ साधा फोन आहे, म्हणून माझ्या फोनवरनं पाठवला.

१ मार्च, शनिवार

सकाळी शाळेत यायच्या आधी फोनवर तिच्या वडिलांचा आवाजातला मेसेज आला होता. मागं ट्रॅक्टरचा आवाज, नीट ऐकू येत नव्हतं, तीनदा ऐकला. शाळेत तिला बोलावून ऐकवला. ते म्हणतात, सर नमस्कार, पोरीचं बघितलं, मुकादमाला पण दाखवलं, बरं लिव्हलंय. फक्त तिला सांगा कोपी गळत नाही. यंदा नवी ताडपत्री आणलीय, जाड, निळी. तेवढं बदलून घ्या, लोक वाचतेत.

तिनं मेसेज पुन्हा लावायला सांगितला. मग डिंक आणला, पांढऱ्या कागदाची पट्टी कापली आणि गळते वर चिकटवली. आता तिथं तीन अक्षरी शब्द पाहिजे, -ते नं संपणारा. वर्गानं सुचवले, टिकते, तगते, झुलते, तिनं एकही घेतला नाही. सोमवारी सांगते म्हणाली. पट्टीवर शिरोरेघ मात्र मारून ठेवलीय, निळ्या स्केचपेननं.